पाट आणि नहर

उमापुराजवळच्या एका गावाने ओढ्याला बांध घातला होता. त्याचं पाणी मळ्यांत नेणारा पाट मुंजाजी सांभाळायचा. दिवाळीआधी गाळ काढायचा, फुटलेली कड चिखलाने लिंपायची, गव्हाला पाणी सोडायचं. बापाने हेच केलं होतं, आज्याने तर पाटच खणला होता.

निजामाच्या राज्यात फसली सन तेराशे बाविसात जमिनीच्या मोजणीला अमीन आला. माणूस भला होता. त्याने विचारलं, "ही नहर कुणाची?"

"नहर न्हाई साहेब, पाट हाय."

"फरक काय?"

मुंजाजीने डोकं खाजवलं. "नहर सरकार खणतं. पाट आमी खणतो."

अमिनाला ते पटलं. पण दफ्तर उर्दूत, आणि उर्दूत पाट म्हणजे जात्याचा दगड. पाऊण कोस लांबीचा जात्याचा दगड त्याला लिहवेना. त्याने नहर लिहिलं.

नहर म्हटल्यावर ती सरकारी झाली. महिन्याभरात एक शिपाई येऊन बसला. हुकमाशिवाय फावडं लावायचं नाही, म्हणाला. तो भाकरी मुंजाजीच्या घरची खायचा आणि हटकायचाही मुंजाजीलाच. गाळ साचला, लव्हाळा माजला, खालच्या मळ्यातला गहू पिवळा पडला. मुंजाजीला जेवण जाईना.

शेवटी त्याने कुलकर्ण्याकडून अर्ज लिहवला. कुलकर्णी म्हणाला, "नहर लिहू का?"

"न्हाई. पाटच लिवा."

'जुना पाट बंद पडला आहे, पुन्हा पाट करण्यास मंजुरी मिळावी,' असा अर्ज गेला. कचेरीतल्या कारकुनाला एकच पाट ठाऊक होता, दुसऱ्या लग्नाचा. वीस दिवसांनी शिक्क्यासह उत्तर आलं: 'पाट करणे ही ज्याच्या त्याच्या जातीची रीत आहे. सरकारची हरकत नाही. मात्र बाई राजी असावी.'

कुलकर्ण्याने ते दोनदा वाचून दाखवलं. मुंजाजीची बायको भामाबाई दारात उभी होती.

"कोन्ती बाई?"

"कागदातली," मुंजाजी म्हणाला.

"तिला ईचारायचं हाय ना? मंग मी राजी हाय. फावडी दोन घ्या."

शिपायाने शिक्का पाहिला, सलाम केला आणि बाजूला झाला. नवरा-बायको तीन दिवस गाळ उपसत होते. चौथ्या दिवशी पाणी खालच्या मळ्यात उतरलं. निम्मा गहू वाचला. मुंजाजी बांधावरच भाकरीचं फडकं सोडून बसला आणि तीन भाकरी जेवला.