कूलरच्या पॅडची खाच

हिंगण्याला माझा कूलरचा छोटा कारखाना आहे. इथल्या पाण्यानं पत्रा दोन उन्हाळ्यांत सडतो, म्हणून मी चौकटीसाठी माझ्या मापाचं अ‍ॅल्युमिनियम सेक्शन, म्हणजे खाच असलेली पट्टी, बनवून घ्यायचं ठरवलं. ड्रॉइंग मीच काढलं. नमुना आला, तर पॅड बसायची खाच अरुंद! तो तुकडा पर्समध्ये टाकून मी तडक पुरवठादाराच्या रामदासपेठेतल्या ऑफिसात गेले.

"ताई, तुमची खाच ढिली होती. म्या बरोबर करून देली," तो खुशीत म्हणाला.

त्याच्या खिडकीत माझाच कूलर चालू होता. मी बटण बंद केलं, आतलं ओलं पॅड उपसलं आणि पर्समधल्या तुकड्यासोबत त्याच्या टेबलावर ठेवलं. "भाऊ, बसवून दाखवा."

पाणी त्याच्या कागदांवरून वाहू लागलं. पॅड भिजून फुगलं होतं, खाचेत शिरेना. त्यानं बराच जोर लावला, मग माझं ड्रॉइंग पुन्हा उघडलं.

"बरं, तुमच्या मापानं करतो. पण पॅड सुकलं का खडखड वाजन नं, ताई?"

"वाजू द्या. टाकीतलं पाणी संपलं, हे झोपलेल्या माणसाले कसं कळन मंग?"