गुडघेबाई आणि आजोबांचा कागद

ईरा, निषाद,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, हल्ली तुझ्याकडे कोण कोण येतं?" मी "येतात पुष्कळ" म्हणून विषय बदलला. ते खरं नव्हतं. येणारी एकच होती आणि ती या महिन्यात म्हैसूर सोडून गेली. तिच्याबद्दल बोलायला इथे दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला येणारी ही फिजिओथेरपिस्ट. मी तिला गुडघेबाई म्हणायचे, पण ती गुडघ्याकडे फारसं बघायचीच नाही. आली की जमिनीवर बसायची, माझ्या गुडघ्याच्या वर दोन बोटं आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या बाजूला टेकवायची आणि डोळे मिटायची. मी दुखण्याचं वर्णन सुरू केलं की म्हणायची, "आजी, साकु, साकु! पुरे. तुम्ही नका बोलू, मांडीला बोलू दे."

तिचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच. घरात मराठी, पण निम्मी कानडी. "निधान, निधान" हे तिचं पालुपद. त्याचा अर्थ 'सावकाश' हे मला तिच्या हातावरूनच कळलं. पुण्याहून येऊन मला वीस वर्षं झाली तरी माझ्या बोलण्याला ती हसायची. "तुमची मराठी इस्त्री केलेली आहे हो आजी!"

तेव्हा मी खाली हॉलमध्ये कॉटवर झोपत होते. तुमच्या बाबाने अट घातली होती: दसऱ्यापर्यंत मला जिना एकटीने चढता आला नाही, तर हिनकलचं हे घर बंद करायचं आणि मी वृद्धांच्या निवासात जायचं. त्याचंही चुकत नव्हतं. इतक्या लांबून तो तरी काय करणार? मी रोज न चुकता व्यायाम करत होते. तरी गुडघ्याची वाटी जास्तच दुखत होती आणि दसरा जवळ येत होता.

एक दिवस ती म्हणाली, "मी नसताना करता तसं करून दाखवा बघू." मी पावलावर वाळूची पिशवी बांधली, समोर कागद ठेवला आणि मोजायला लागले. तिने कागद उचलला.

"हा सरांचा कागद, अल्वा? सरांचाच ना?" तुमच्या आजोबांना ती सर म्हणायची.

"हो. डॉक्टर तेच, गुडघाही उजवाच. ते यावरच बरे झाले होते."

"आणि मी दिलेला?"

"फाइलमध्ये. नीट लावून ठेवलाय."

"अय्यो आजी! नवऱ्याची चप्पल घालून निघालात की!"

मग तिने माझीच बोटं माझ्या मांडीवर ठेवली आणि पाय उचलायला लावला. बाहेरची बाजू दगडासारखी झाली, आतली मऊच राहिली. "बघा. बाहेरचा स्नायू धावला, आतला अजून झोपलाय. वाटी बाहेर ओढली जाते, म्हणून दुखतं. बायकांत हे जास्त बघते मी. सगळ्यांत नाही हं, आणि पुरुषांतही असतं. म्हणून आधी हात लावून बघायचं. आमच्या पुस्तकात मांडी एकच होती, पुरुषाची."

थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "पण त्यांचाच कागद का?"

मी तिला कागदाच्या कडेचा समास दाखवला. तिथे तुमच्या आजोबांच्या हातच्या खुणा होत्या, रोजची एक. मी रोज माझी खूण त्यांच्या खुणेशेजारी करत होते. "तेवढा वेळ घरात दोघं असतो गं," मी म्हटलं.

मग तिने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने माझे व्यायाम लिहिले: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, दोन गुडघ्यांत उशी दाबणं, वाळूची पिशवी बंद. "कागद तोच राहू दे. ही बाजू तुमची."

दसऱ्याच्या चार दिवस आधी मी जिना चढले. ती खाली हात मागे बांधून उभी होती. "मी वर येणार नाही. एकटीने म्हणजे एकटीने." वर पोचून मी फोन केला. तुमचा बाबा "बरं झालं आई" म्हणाला आणि निवासाचा विषय पुन्हा काढला नाही.

गुडघा बरा झाला म्हणून तिचं येणंही संपलं, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी चहाला बोलावलं तर दोनदा आली. मग तिला मंगळुरूला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. जायच्या दिवशी गाडीची वेळ होत आली होती, तरी ती जमिनीवर बसली आणि बोटं ठेवून डोळे मिटले. या वेळी खूप वेळ.

"तिथल्या मुलींना तुमच्याबद्दल सांगणार," ती म्हणाली.

"माझं नाव सांगू नकोस हो."

"छे, मांडी तेवढी सांगेन."

आता सोमवारी आणि गुरुवारी दारावरची घंटा वाजत नाही. मी रोज सकाळी वर जाते, खिडक्या उघडते, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालते आणि खाली येते. कुणाला हाक मारावी लागत नाही.