कुमुदवहिनींच्या अक्षरातलं पत्र

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या ज्या मंडळींबरोबर दर शनिवारी ब्रिज खेळतो त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर आत्ताही गप्पच बसलो असतो.

आधी माझा संताप सांगतो. तो सांगणं सोपं आहे, त्याची मला सवय आहे. सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी आमचे बाकीचे लोक प्रश्नोत्तरं पाठ करून मोकळे झाले. मी मात्र लायब्ररीतून या देशाच्या सुरुवातीच्या काळावरची जाडजाड पुस्तकं आणली आणि वाचता वाचता माझं डोकं फिरलं. ही काय थोर माणसं म्हणायची? पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री आणि अर्थमंत्री एका टेबलाशी बसतात, आणि बाहेर परराष्ट्रमंत्री काय करतो? एका कवीला आपल्याच खात्यात भाषांतरकार म्हणून चिकटवतो. तो पेपर काढतो, आणि त्या पेपरात अर्थमंत्र्याची आठवड्यातून दोनदा सालटी निघतात. राष्ट्राध्यक्षाने विचारलं, तर हा साळसूदपणे म्हणतो — त्या पेपराशी माझा काय संबंध? शिव्या खायला तो भाषांतरकार कारकून होताच. अर्थमंत्री तरी कुठला सोवळा — तोही टोपणनावाने लिहायचा.

दर चार जुलैच्या पिकनिकला मी ही गोष्ट आमच्या मराठी मंडळाच्या मुलांना सांगतो. तावातावाने सांगतो. मुलं इंग्रजीत प्रश्न विचारतात, मी मराठीत भडकतो, आई-बाप कौतुकाने हसतात. काका किती तळमळीने बोलतात, म्हणे. तळमळ! त्या गोष्टीत मी कोण आहे, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

आमच्या मंडळाचं मासिक पत्रक हाताने लिहिलेलं असायचं. ह्यूस्टनमध्ये मराठी टाइपरायटर कुठून आणणार? कुमुदवहिनींचं अक्षर छापल्यासारखं होतं, म्हणून त्या संपादक. त्यांचे यजमान तेलाच्या रिगवर, तीन-तीन आठवडे घरी नसत. वहिनी डायनिंग टेबलावर बसून सगळा मजकूर आपल्या हाताने उतरवून काढायच्या — जाहिराती, बारशाची निमंत्रणं, सभासदांची पत्रं — आणि मग झेरॉक्स. लिहिलेलं कोणाचंही असो, घरोघर जायचं ते त्यांच्या अक्षरात.

आणि मंडळाची घटना लिहिली होती मी. नुकताच नागरिक झालो होतो, डोक्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य भिनलं होतं. त्यात मी कलम घातलं: सभासदाचं पत्र एकही शब्द न कापता छापायचं, आणि त्याने सांगितल्यास त्याचं नाव संपादकाने कोणालाही सांगायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पाच वर्षांपूर्वी मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, आमचे डॉक्टर, तिसऱ्यांदा त्या पदाला उभे राहणार असं कळलं आणि माझी चिडचिड झाली. पहिला राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला आणि आपण होऊन घरी गेला, मग या माणसाला खुर्ची का सुटत नाही? असं मी सगळ्यांना म्हणायचो. खरं काय ते सांगू? मला ती खुर्ची हवी होती. डॉक्टर काम चांगलं करत होते. गणपतीत पहिली आरती त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या, शैलावहिनींच्या, हातून व्हायची, ते मला बघवत नव्हतं. इतकंच.

मग एक पत्र आलं. 'एक सामान्य सभासद' अशा सहीचं. भाषा झणझणीत, लोकांना मजा वाटावी अशी. डॉक्टरांना त्यात 'महाराज' म्हटलं होतं. आणि शेवटी एक वाक्य होतं. त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे गादी मुलाकडे जाईल ही भीती लोकांना नव्हती, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पत्रात त्याचा असा विनोद केला होता: आमच्या महाराजांनाही वारस नाही, तरी बघा, गादी काही सोडवत नाही.

वाचलं होतं मी, आणि विनोदही मीच केला होता. ते पत्र माझं. एका बैठकीत पिवळ्या लीगल पॅडवर लिहिलं आणि ते वाक्य सुचलं तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या हसलो. शैलावहिनींना तीनदा दिवस राहून मूल अर्ध्यावरच गेलं होतं. मला माहीत नव्हतं? तिसऱ्या वेळी माझ्याच घरून आठवडाभर त्यांना डबा जात होता. तो पोचवायलाही मीच जायचो.

कुमुदवहिनींचा फोन आला. "भाऊजी, ही वारसाची ओळ गाळू का? शैलाला फार लागेल हो." शैलावहिनी त्यांची जिवाची मैत्रीण, दोन घरं सोडून राहणारी. मी काय म्हणालो? "वहिनी, घटनेत काय लिहिलंय?" ती ओळ त्यांनी त्यांच्या त्या सुंदर अक्षरात उतरवली.

मग व्हायचं ते झालं. चर्चचा हॉल भाड्याने घेऊन सभा बोलावली. ऑगस्टचा उकाडा, एसी बंद, सगळे घामाने निथळत होते. पत्र कोणी लिहिलं, एवढा एकच प्रश्न. कुमुदवहिनी उभ्या राहून म्हणाल्या, "नाव मी सांगणार नाही, तसा नियम आहे." मागून कोणीतरी म्हणालं, अक्षर तर तुमचंच आहे. लोक हसले. एकालाही वाटलं नाही की ही बाई आपल्या मैत्रिणीला असं कशाला लिहील? शिकलेसवरलेले लोक, पीएचड्या झालेले, आणि अक्षर बघून निकाल देतात!

त्यांच्या मांडीवर पर्स होती, उघडी. तिच्यातून पिवळ्या कागदाची घडी डोकावत होती. मला दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाकडे नाही, माझ्याकडे. काय करायला हवं होतं मी? उठून दोन शब्द बोलायचे होते — माझं आहे. बस.

मी उठलो. आणि भाषण केलं. तुमचा विश्वास बसणार नाही, त्या परराष्ट्रमंत्र्याची आणि त्याच्या कारकुनाची गोष्ट सांगितली. आडून वार करणाऱ्यांनी तेव्हाही राजकारण नासवलं होतं, आपण मंडळ नासू देणार आहोत का, असं विचारलं. माझा आवाज रागाने थरथरत होता, आणि तो राग खोटा नव्हता. हेच मला आजवर सुटलेलं नाही. त्यांना संपादकपदावरून काढायचा ठराव आला, तो मी सेकंड केला. हात वर करताना मी पर्सकडे बघत होतो. त्यांनी चेन लावून घेतली.

डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले नाहीत. मी अध्यक्ष झालो, दोनदा झालो, आणि दुसरी टर्म संपल्यावर आपण होऊन पायउतार झालो. भिंतीवर त्याचं मानपत्र आहे. शैलावहिनी कुमुदवहिनींशी त्या दिवसानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. वर्षभराने कुमुदवहिनींच्या यजमानांची बदली झाली आणि ते घर रिकामं झालं. सामान हलवलं त्या दिवशी निरोप द्यायला कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. तो पिवळा कागद त्यांच्याकडे अजून असेल. त्यांनी तो कधी कोणाला दाखवला नाही.

यंदा पहिल्या राष्ट्राध्यक्षाने शपथ घेतली त्याला दोनशे वर्षं झाली, म्हणून पिकनिकला माझं खास भाषण ठेवलं होतं. मूल नसल्याचा उल्लेख मी दर वर्षी टाळतो. यंदा एका चिमुरडीने हात वर करून विचारलं, "काका, डिड ही हॅव किड्स?" मी नो म्हणालो आणि घाईने पुढे गेलो. समोरच शैलावहिनी बसल्या होत्या. त्या मान खाली घालून रुमालाच्या घड्या करत राहिल्या.

सगळं आवरताना त्या माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या सभेत आमच्या बाजूने बोललात, ते मी विसरले नाही. पण कुमुदला मी बहीण मानलं होतं. तिने असं का लिहिलं असेल हो?"

मी त्यांची खुर्ची घडी करून त्यांच्या गाडीत ठेवली आणि म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. असतो एकेकाचा स्वभाव."