तुरीच्या डब्यातला मोबाईल

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या मोंढ्यातला, धान्यबाजारातला, आडत व्यापारी बंकट गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी दुकानाला निघताना हृदयविकारानं गेला. त्याच्या मुलाचा, महेशचा, मला पुण्याहून फोन आला. त्यानं ज्यात पैसे घातले होते त्या बिटकॉइनचा भाव त्या आठवड्यातही पडत होता. मोंढ्यात दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही. आजार जुना होता.

आमची ओळख शाळेपासूनची. बंकटची व्यापाराची एक रीत होती. आवक वाढून तुरीचा भाव पडला, बाकीचे घाईनं माल काढू लागले, की हा नमुन्याच्या डब्यातली मूठभर तूर तळहातावर घ्यायचा आणि विचारायचा, "दाणा बदललाय का?" दाणा तोच असला तर खरेदी करायचा. बिटकॉइन चढत होतं, टपरीवर पोरं दुसरं काही बोलत नव्हती, तेव्हा त्यानं त्याकडं पाहिलं नाही. भाव कोसळला, टपरी गप्प झाली, आणि यानं धाराशिवचा प्लॉट विकून बिटकॉइन घेतलं. प्लॉट पत्नीच्या, प्रयागवहिनींच्या, नावावर होता. तिथं घर बांधायचं ठरलं होतं. वहिनींनी सही केली, पण माझ्यासमोर म्हणाल्या, "आता काय मोबाईलमधी ऱ्हायाचं?"

"भाव येऊ दे, दोन मजली बांधू."

"आधी एक तर बांधा."

भाव आणखी उतरला. मी एकदा दुकानात विचारलं, "तूर हातात घेऊन बघतोस. हे बिटकॉइन कशात घेऊन बघणार?" तो म्हणाला, "व्हय, तेवढं अवघड हाय. पण समदे पळाय लागले की माझे पाय थांबत्यात. सवय हाय." बिटकॉइनच्या खात्यासाठी त्यानं वेगळा मोबाईल ठेवला होता. तो त्यानं डब्यातल्या तुरीत खुपसला. भाव पडेल त्या दिवशी मोबाईल तिथंच असायचा.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी महेश म्हणाला, "आई, राहिलंय तेवढं काढून घेऊ. निदान छोटा प्लॉट तरी येईल."

"तेरावं होईस्तोवर या घरात सौदा होत न्हाय."

"बाजार सुतक पाळत नाही, आई."

"आपण पाळतो."

त्या दिवसांत भाव आणखी घसरला. महेश तो रोज बघत होता, आईला सांगत नव्हता. तेराव्यानंतर दुकान उघडलं. वहिनी गादीवर बसल्या. महेशनं पुन्हा विचारलं. मी समोर होतो.

"त्यांचा सौदा संपला," वहिनी म्हणाल्या. "प्लॉट माझा व्हता, आता सौदा बी माझा. कधी इकायचं ते मी बगीन."

हा मजकूर लिहीपर्यंत भाव खरेदीच्या खालीच आहे. विक्री झालेली नाही. मोबाईल डब्यात आहे. डब्यातली तूर वहिनींनी बदलली आहे. ती यंदाची आहे.