वाजवायचा मान

विलासने हलगी माझ्या हातात दिली नाही. पायाने सरकवली.

पोळ्याचा दिवस. मारुतीच्या पारासमोर बैल उभे. जाळापाशी हलगी तापत ठेवलेली. हलगी आमचीच, माझ्या वडिलांची. सकाळी कोणीतरी घरून घेऊन आलं होतं. कातडं ताणलं तसं विलासने चपलेच्या टोकाने तिला ढकललं. ती मातीतून घसरत माझ्या बुटापाशी थांबली.

"घे," तो म्हणाला. "माझे पूजेचे हात आहेत."

विलास माझ्या वर्गातला. देवळ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही बरोबर शिकलो. गणितात मी त्याच्या पुढे होतो. आता त्याचं खताचं दुकान आहे. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. सिडकोत दोन खोल्या, बायको, नऊ वर्षांची ऋतुजा.

त्या दिवशी मी वाजवायला आलोच नव्हतो. बायको-पोरीला घेऊन वडिलांना भेटायला आलो होतो. मी त्यांना दादा म्हणतो. आषाढात त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला. लग्न, मयत, पोळा, गावात काहीही असलं तरी पुढे दादांची हलगी असायची. आता तो हात मांडीवर पडून असतो.

मी म्हटलं, मला वाजवता येत नाही. खोटं बोललो. चौथीत असतानाच दादांनी शिकवलं होतं.

विलासचे वडील पारावरून खाली उतरले. गाव त्यांना अण्णा म्हणतं. माजी सरपंच. अण्णा कधी वाईट बोलत नाहीत. अंगाला हात लावत नाहीत, पण पाठीवर हात ठेवल्यासारखा आवाज काढतात.

"हे बघ बाळ, जात आता कोण बघतं? पण गाव म्हणजे एक शरीर असतं. ज्याला त्याला काम नेमून दिलेलं आहे. पुढे वाजवायचं, हा तुमचा मान आहे. आम्ही तो दुसऱ्या कोणाला घेऊ दिला नाही."

गर्दीत सुतारकाकांचा मुलगा उभा होता, मोबाइलवर शूटिंग करत. तो बँकेत आहे. त्याला कोणी वडिलांसारखं औत दुरुस्त करायला बोलावत नाही. गावात बैलजोड्या नऊ उरल्यात, बाकी सगळे ट्रॅक्टर. त्यांनाही हार घातले होते. बैलाचं काम ट्रॅक्टरने घेतलं. आमचं काम कोणी घेत नाही.

हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण मागे आई येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "वाजव रे. आजच्या दिवस. मला इथंच राह्यचं हाय."

त्यात सगळं आलं. आमचं घर गावठाणाच्या जागेवर. कागद नाही. आई अण्णांच्या कांद्यात कामाला. दादांना झटका आला तेव्हा अण्णांच्याच जीपमधून दवाखान्यात नेलं. ती जीप मी विसरू शकत नव्हतो. आणि ते विसरू देत नव्हते.

मी वाकलो. हलगी उचलली.

मारुतीपासून वेशीपर्यंत आणि परत. बैलांपुढे मी. सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. हात कुठेच चुकले नाहीत. इतकी वर्षं कातड्याला बोट लावलं नव्हतं, तरी ताल बरोबर पडत गेला. लोक म्हणाले, बापाच्या वरताण हाय. मला वाटलं, हे हात माझे नाहीतच. ते गावाचे आहेत. मी फक्त ते नाशिकला वापरायला नेलेत.

मिरवणूक संपली. घराघरातल्या बाया ताट घेऊन बाहेर आल्या. बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी हाताने भरवली. मग आमची पाळी. आईने पदर पसरला. पोळी वरून पडली. हात पदराला लागू नये इतक्या उंचावरून.

ऋतुजा माझ्याजवळ उभी होती. तिने विचारलं, "पप्पा, बैलांना हाताने भरवलं. आजीला वरून का टाकलं?"

मी तिला गप्प केलं. हो, मीच. तिचा दंड दाबला मी.

परतताना मोटारसायकलवर ती माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसली होती. पिंपळगाव गेलं तरी दंड चोळत होती.

चार दिवसांनी कारखान्यात गणपती बसला. सुतारांच्या मुलाचा व्हिडिओ तोवर फिरत फिरत तिथे पोचला होता. मॅनेजर साहेबांनी बोलावून घेतलं. त्याच दिवशी बंद पडलेली लाइन मी तासाभरात सुरू करून दिली होती. वाटलं, त्याबद्दल काही बोलतील. ते हसत म्हणाले, अरे, विसर्जनाला बाहेरचं पथक कशाला, तूच वाजव की, तुमच्या तर रक्तातच असतं.

मी पण हसलो. वडील आजारी आहेत, हलगी गावाला आहे, असं काहीतरी सांगून सटकलो. त्या दिवसापासून मी कॅन्टीनमध्ये शिरलो की कोणीतरी टेबलावर बोटांनी ताल धरायचं. रागाने नाही, मजेत. गाव सोडलं म्हणजे सुटलो, असं मी बारा वर्षं समजत होतो. सुटलो नव्हतो. दोरी लांब होती, इतकंच.

दिवाळीनंतर अण्णांची आई वारली. जिजी. तीन वर्षं ती अंथरुणावर होती. तिला आंघोळ घालायची, तिची लुगडी धुवायची, पाठीच्या जखमा पुसायची, ती माझी आई. सुना नाकाला पदर लावायच्या. आईचा हात तेव्हा चालायचा. चहा मात्र मागच्या दारी, वेगळ्या कपात.

विलासचा फोन आला. आजी गेली, लगेच निघ, तुझ्यासाठी थांबलोय.

मी रजा टाकली. वाटेत मनात दहा वेळा हो म्हटलं आणि दहा वेळा नाही. पोचलो तर तिरडी बांधून झालेली. जाळ पेटवलेला, शेजारी हलगी. सगळे माझ्याकडे बघत होते. आता उचलेल, आता उचलेल.

मी हलगीच्या बाजूने पुढे गेलो. तिरडीपाशी उभा राहिलो. लघवीला लागल्यासारखं झालं होतं. शूर वगैरे मी नव्हतो.

म्हणालो, "अण्णा, मी वाजवणार नाही. खांदा द्यायला आलोय. माझ्या आईने हिचं अंग धुतलंय. तिचा मुलगा म्हणून मला खांदा देऊ द्या."

अण्णांचा तो पाठीवर हात ठेवणारा आवाज पहिल्यांदाच गेला.

"तुमचा खांदा चालत नाही," ते म्हणाले. "तुला माहीत आहे."

"मग हलगीही चालणार नाही."

विलास अंगावर आला. दोघांनी त्याला धरलं. मी तिथून हललो नाही. शेवटी त्यांनी मला वळसा घालून तिरडी नेली. हलगीशिवाय. गल्लीत फक्त चपलांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी आईला कांद्यात येऊ नको म्हणून निरोप आला. गिरणीवाल्याने दळण परत दिलं, पट्टा तुटलाय म्हणाला. मागच्या बाईचं दळण मात्र घेतलं. दुकानात साखर संपली. आमच्या आळीचा नळ बंद झाला. आळीत आमची चार घरं. बाकीची तीन घरं माझ्याकडे बघेनात. त्यांचं तरी काय चुकलं?

आई मला वाटेल ते बोलली. "तू जाशील नाशिकला. आम्ही कुठं जायचं?" तिचं खरं होतं. मी रजा वाढवली, नदीवरून पाणी आणलं आणि पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली. गावाने आम्हाला वाळीत टाकलंय, असं स्पष्ट लिहिलं. नावं लिहिली. अण्णांचंही.

मग बैठक बसली. अण्णा गोड बोलले. पोरगं तापट आहे, एकदा सर्वांसमोर माफी मागू दे, तक्रार मागे घेऊ दे, उद्यापासून नळ, गिरणी सगळं सुरू. तुमच्याशिवाय गाव पुरं होत नाही, असंही म्हणाले.

आई खाली बसून ऐकत होती. मला वाटलं, ती आता माझ्या पाया पडेल. ती अण्णांकडे बघून म्हणाली, "जिजीला शेवटचं पाणी मी पाजलं. माझ्या हातचं पाणी पिऊन ती गेली. ते तरी लोकांत सांगा."

अण्णांनी मान खाली घातली. सांगितलं नाही.

आई उठली आणि घरी निघून आली. चूल पेटवता पेटवता मला म्हणाली, "कागद मागं घेऊ नको."

याने काही सुटलं नाही. आईला काम नाही. दादा माझ्याशी बोलत नाहीत. कारखान्यात मी साहेबांना तोंडावर सांगितलं की टेबल वाजवणं बंद करायला लावा. ते बंद झालं, आता माझ्या टेबलावर कोणी बसत नाही.

परवा निरोप आला, आमच्या घराच्या जागेचा विषय ग्रामसभेत घेणार आहेत. घेऊ दे. मी जाणार आहे. दाराशी उभा राहणार नाही, आत बसणार आहे. एकच विचारणार आहे. तुमच्या माणसाच्या तिरडीपुढे वाजवायला आम्ही लागतो, त्याचं अंग धुवायला आम्ही लागतो, मग त्याला खांदा द्यायच्या वेळी आम्ही कोण? उत्तर मिळणार नाही. हे माहीत आहे. घर कदाचित पाडतील. पाडलं तर त्याच जागेवर ताडपत्री टाकून राहू.

पण या गावाच्या पुढे आता आमचं कोणी वाजवत चालणार नाही. मी नाही. माझी मुलगी नाही. तिच्या पोटची पोरंही नाहीत.