पालीच्या पेटीतली वाळू
ओल्या शहाबादी फरशीचा वास आला की सोलापूरच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवते. सत्तरच्या दशकात मी तिथं नवाच शिकवायला लागलो होतो. काचेच्या पेटीत एक ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल होती आणि तिची निगा मंद्रूपचे शिपाईमामा राखत. कॉलेजच्या प्रदर्शनात पेटी शोभून दिसावी म्हणून मी तिच्या तळाशी त्यांनी घातलेली फरशी काढली आणि नदीची वाळू पसरली. मामा म्हणाले, "किड्यासंगं वाळूबी गिळती की ती." मी हसलो, "मामा, एम.एस्सी. तुम्ही झालात की मी?" "तुमीच की. पर गेल्या साली वाळूवरची एक मेली, तिचं पोट मी फाडून बघितलं. वाळूच व्हती." मी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी पालीचं पोट दगडासारखं झालं. मामांनी पुन्हा फरशी बसवली, पालीला कोमट पाण्यात धरून हलक्या बोटानं पोट चोळत राहिले, आणि दोन दिवसांनी वाळू बाहेर पडली. विभागप्रमुखांनी विचारलं, "वाळू कुणी घातली?" माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, मी गप्प राहिलो. मामा म्हणाले, "चुकलं माझं." त्यांना लेखी ताकीद मिळाली. बाहेर आल्यावर माझी मान वर होईना, तेव्हा तेच म्हणाले, "पाल जगली की सर, आनि काय पायजे?" मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता मला कुणाची भीती नाही, तरी हे लिहिताना हात अडतो: वाळू मी घातली होती.