चादरीचं समोरचं टोक

आमच्या वन्सं कामाला निघताना रोज एकदा तरी म्हणायच्या, "आज नाही गेले तर काय आभाळ कोसळणार आहे?" चपला पायात सरकवता सरकवता म्हणायच्या, आणि वाक्य संपेपर्यंत जिना निम्मा उतरलेल्या असायच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, बाईंना काम अगदी नकोसं झालंय. एकदा भाबडेपणाने म्हणूनही गेले, "मग नका जाऊ आज." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना जेवू नका म्हटलं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न लवकर झालं आणि यजमान त्याहून लवकर गेले. भावाकडे परत आल्या, पण नुसत्या बसून राहिल्या नाहीत. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात लाँड्री आहे, तिथे चादरींच्या घड्या घालायच्या कामाला लागल्या. लोकांना वाटतं, घड्या घालणं हे काय काम झालं? मलाही वाटायचं. पण दवाखान्याची चादर एकटीने घडी होत नाही. त्याला दोघी लागतात. समोरासमोर उभं राहायचं, प्रत्येकीच्या हातात दोन टोकं. हात डोक्याच्या वर नेऊन चादर एकदा जोरात झटकायची, म्हणजे पोटातली सुरकुती निघते. मग टोकाला टोक लावून एकमेकींकडे चालत यायचं. एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि वाकून खाली लोंबणारी घडी उचलायची. एकदा ही चालते, एकदा ती. दिवसभर हेच.

तर वन्संच्या समोर जी बाई असायची, तिचं नाव आमच्या घरात कधी कुणी ऐकलं नाही. ती "समोरची". समोरची उंच, काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. वन्सं ठेंगण्या, अंगाने भरलेल्या. आता एक उंच आणि एक ठेंगणी असली की चादर एका बाजूला कलणारच. पण हे दोघींना कोण सांगणार? कधीतरी वरच्या मजल्यावरून घड्या वाकड्या म्हणून गठ्ठा परत आला, तेव्हा समोरची म्हणाली, "तुमचं टोक वाकडं." वन्सं म्हणाल्या, "टोक सरळ आहे, बघणारीचा चष्मा बदला." झालं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. जोडी मात्र तीच राहिली. दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं धरायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलायचंच झालं तर चादर बोलायची. एक हिसका म्हणजे ताण. दोन म्हणजे फिरव. जोरात हिसका म्हणजे लक्ष कुठाय.

"आज समोरचीने असा हिसका दिला, माझं मनगट निखळायचं राहिलं," हे वन्सं घरी येऊन सांगायच्या. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण तोंड वळवून.

मागच्या थंडीत त्यांची ती रोजची कुरकुर बंद झाली. आभाळ कोसळणार का, हे विचारायच्या थांबल्या. लवकर उठायच्या आणि गुपचूप निघायच्या. घरात बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला ते घड्याळ बंद पडल्यासारखं वाटायला लागलं. रोज टिकटिक ऐकू येत नसते, थांबली की येते.

एके दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेले, तर वन्सं आरशासमोर उभ्या. उजव्या हातात कंगवा. डाव्या हाताने उजवं कोपर खालून ढकलत होत्या आणि कंगवा काही केल्या कानाच्या वर जात नव्हता. डोळ्यात पाणी आलं होतं.

मला बघून म्हणाल्या, "दार लाव आधी. आणि तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

मी दार लावलं, कंगवा घेतला आणि त्यांचा अंबाडा घातला. विचारलं, "कधीपासून?"

"झाले दिवस. खांदा धरलाय. हात वरच जात नाही."

"मग यांना सांगायला काय हरकत आहे? हे काय रागावणार आहेत?"

"रागावला असता तर बरं झालं असतं," वन्सं म्हणाल्या. "रागावलेल्याशी भांडता येतं. हा प्रेमाने बसवील मला. ताई बस, ताई पड, ताई चहा घे. या घरात सगळे मला बसा म्हणतात गं. तिथे कुणी म्हणत नाही."

मी रोज दार लावून अंबाडा घालायला लागले. त्यांचे केस हातात असताना मनात देवाचं नाव घ्यायचे. मी देवापुढे बसते तेव्हा आधी मुलांचं मागते, मग यांचं, मग उरलंसुरलं माझं. त्या दिवसांत वन्संचा खांदा रांग सोडून मधेच पुढे येऊन उभा राहायचा. मीही त्याला मागे जा म्हटलं नाही.

पण घरात लपून काय राहतं? सुट्टीच्या दिवशी वन्सं दोरीवर टॉवेल टाकायला गेल्या आणि टॉवेल जमिनीवर पडला. उचलला, परत पडला. हे तिथेच उभे होते.

"ताई, हाताला काय झालंय?"

"काही नाही. टॉवेल ओला आहे."

"ओला टॉवेल काय पहिल्यांदा उचललास? हात वर कर बघू."

वन्संनी डावा हात वर केला.

"दुसरा," हे म्हणाले. दुसरा काही वर गेला नाही. मग जे व्हायचं तेच झालं. "ताई, पुरे झालं आता. घरात काय कमी आहे? हात कायमचा गेला म्हणजे? आयुष्यभर राबलीस, आता बस जरा."

"बघ," वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या. "म्हणाला की नाही बस?"

दुसऱ्या दिवशी त्या कामाला गेल्यावर हे मला म्हणाले, "ती स्वतः सांगायची नाही. तू जाऊन लाँड्रीच्या मुकादमांना सांग, हात चालत नाही म्हणावं. ते तिला मानाने सोडतील. नाहीतर कुणीतरी पकडेल आणि घरी पाठवतील, त्यात तिचा अपमान होईल." यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. मी निघाले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वन्संचा स्वेटर बरोबर घेतला.

तळघरात उतरले तर वाफेचा आणि साबणाचा वास, मशीनची घरघर. दाराशीच थांबले. समोर दोघी चादर धरून उभ्या होत्या, ठेंगणी आमची आणि उंच ती समोरची. आता झटकायची वेळ. वन्संनी आपली टोकं कमरेशीच धरली, हलवलीसुद्धा नाहीत. समोरचीने मात्र टाचा उचलून हात पार वर नेले आणि असा झटका दिला की लाट तिकडून निघून वन्संच्या हातापर्यंत सरळ आली. एका बाजूने झटकलेली चादर दोघींनी झटकल्यासारखी झाली. मग ती चालत वन्संकडे आली, स्वतःच वाकली, लोंबणारी घडी उचलली, परत मागे गेली. पुढची चादर. परत तीच चालली, तीच वाकली. वन्संच्या वाट्याचं चालणं, वाकणं, उचलणं ती एकटी करत होती. एक शब्द नाही. एक हिसकासुद्धा नाही.

मी स्वेटर छातीशी धरून तशीच उभी राहिले.

इतक्यात मुकादम आतून आले. म्हणाले, "ऐका. पहिल्या तारखेपासून सगळ्या जोड्या बदलायच्या. वरून सांगणं आलंय."

वन्संचा चेहरा उतरला, तो मला दारातून दिसला. समोर दुसरी बाई आली की पहिल्याच झटक्याला सगळं उघडं पडणार होतं. मला काही सांगायची गरजच उरणार नव्हती.

"बदला की," समोरची हातातली घडी ठेवत म्हणाली. "आमची तेवढी राहू द्या."

"का हो? तुम्ही दोघी तर एकमेकींशी बोलतसुद्धा नाही."

"घड्या घालायला बोलावं लागत नाही. यांचं टोक वाकडं येतं. ते सरळ करून घ्यायची सवय मला झालीय. दुसरीला दिलंत तर गठ्ठे परत येतील, मग माझ्या नावाने बोंबलू नका."

मुकादम वन्संकडे वळले. "खरं का बाई? वाकडं येतं?"

आमच्या वन्सं कशा आहेत ते मला माहीत आहे. वाकडं टोक या दोन शब्दांवरून त्यांनी किती वर्षं अबोला धरला होता. त्या चादरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येतं. माझंच येतं."

समोरचीने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली.

"बरं, राहू दे तुमची जोडी," मुकादम म्हणाले, आणि त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुमचं काय काम?"

"वन्संचा स्वेटर राहिला होता घरी, तो द्यायला आले."

"स्वेटर? इथे?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आम्ही इथे उकडून निघतोय, आणि तुम्ही स्वेटर आणलात?"

"परत येताना गार लागतं," मी म्हटलं. स्वेटर वन्संच्या हातात दिला आणि मागे न बघता जिना चढले.

घरी यांनी विचारलं, "सांगितलंस?"

"नाही." मग जे पाहिलं ते सगळं सांगितलं. हे मग म्हणाले, "म्हणजे, ताई रोज जिच्या नावाने बोटं मोडते, ती?"

"तीच."

"मग आधी डॉक्टर," हे म्हणाले. "सोडण्याचं नंतर बघू."

संध्याकाळी अंबाडा सोडताना मी वन्संना विचारलं, "ती तुमचं काम करते, हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळणार नाही? ज्या दिवशी तिचा हिसका हलका झाला त्याच दिवशी कळलं." मग म्हणाल्या, "पण आभार कसे मानायचे, ते कळेना."

डॉक्टरांनी शेक आणि व्यायाम सांगितले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. दोन पावलं पुढे, एक मागे. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर वन्संच्या बोटांच्या डागांची रांग उमटली. ती दर काही दिवसांनी थोडी वर सरकायची. हे म्हणाले, रंग देऊन टाकू. मी म्हटलं, इतक्यात नको.

आणि एके दिवशी वन्सं घरी आल्या त्या हसतच आल्या. धड सांगताही येईना. झालं असं, की झटकायची वेळ आली आणि त्यांचा हात आपसूक वर गेला. दोन्ही बाजूंनी एकदम झटका बसल्यावर समोरचीच्या हातातून टोकं सुटली आणि चादर दोघींच्या डोक्यावर आली. चादरीच्या आतूनच समोरची म्हणाली, "सांगायचं तरी आधी."

वन्सं आतूनच म्हणाल्या, "सांगितलं असतं. पण आपण बोलत नाही ना."

मुकादम येऊन बघतात तर चादर नुसती हलतेय आणि आत दोन बायका हसतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंगवा घेऊन गेले, तर वन्संचा अंबाडा घालून झाला होता. जरा तिरपा होता, पण स्वतःच्या हाताने घातलेला. त्या दाराशी गेल्या, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाल्या, "आज नाही गेले तर काय आभाळ कोसळणार आहे?"

जिन्यावर त्यांची पावलं खाली जाताना ऐकली, आणि मी देवापुढे जाऊन बसले. त्या दिवशी मागायला काही नव्हतं.